माझं नाव आहे का गं त्या कागदावर?



लावणी उरकली. पेणकडच्या कितीतरी जणींच्या हातांना आता गणपतीचा रंग लागला असेल. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते, हे मला ठाऊक आहे. तरी काम करता करता कान इकडे द्या. आज मी बचतीच्या वहीबद्दल बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज आपल्याच जिल्ह्याची थोडी जुनी गोष्ट सांगणार आहे.

ही गोष्ट सांगावीशी वाटली ती एका आत्यांमुळे. विधानसभेच्या निवडणुकीआधी आम्ही गटातल्या सहाजणी मतदार यादी घेऊन घरोघर फिरत होतो. नागोठण्याच्या खाडीकडच्या एका गावात ओटीवर आत्या तांदूळ पाखडत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "माजा नाव हाय का गो त्या कागदान?"

आम्ही शोधलं. त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं, त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. दोन्ही सुनांची नावं होती. आत्यांचं नाव नव्हतं. बहुतेक नवऱ्याचं नाव काढायचं ते चुकून बायकोचं काढलं गेलं. आत्या हसल्या, म्हणाल्या, "म्हंजे मीच मेले न काय!" आम्हीही हसलो. पण घरी येताना तो प्रश्न माझ्याबरोबर आला. आपल्या या पट्ट्यात आजवर बाई कोणकोणत्या कागदावर होती आणि कोणत्या कागदावर नव्हती? मी शोधत गेले. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १ जानेवारी १९८१ पासून. त्याआधी तो कुलाबा जिल्हा होता. आणि आपल्या पणजीच्या काळात कुलाब्यात खोतांचं राज्य होतं. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. शेत कसायचं कुळानं आणि भाताचा मोठा वाटा जायचा खोताच्या कोठारात. वर वेठ असायची, म्हणजे फुकट राबणं. कुळाकडून कबुलायत लिहून घेत, खाली अंगठा उठवून घेत. कबुलायतीत काय लिहिलंय ते वाचता येणारं माणूस घरात नसायचं. हा झाला आपला पहिला कागद. अंगठा आपला, पण मजकूर दुसऱ्याचा.

या अन्यायावर आपल्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरी गावात, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा झाली आणि संप पुकारला गेला. कारखान्यातला संप आपण ऐकलेला असतो. हा शेतकऱ्यांचा संप होता, खोताची जमीन कसायचीच नाही असा. २५ गावं त्यात होती आणि तो थेट १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटील हे त्याचे पुढारी. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः चरीला आले. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' हे वृत्तपत्र सुरू केलं, कारण लढणाऱ्या माणसाला बातमी लागते, माहिती लागते. खोती कायद्यानं गेली ती स्वराज्य आल्यावर, १९४९ च्या कायद्यानं.

आता यात बाया कुठे होत्या? सहा वर्षं शेतं पडीक राहिली, तेव्हा चुली कुणी पेटत्या ठेवल्या असतील, याचा विचार करा. रानातला लाकूडफाटा आणणं, विकणं, मिळेल ती मजुरी करणं, हे आपल्याच आज्या-पणज्यांनी केलं. पण १९३७ साली मुंबई इलाख्यात निवडणूक झाली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकींना मत नव्हतं. मुंबई इलाख्यानं १९२१ साली बायांना मताचा हक्क दिला होता, पण मालमत्तेची अट घालून. १९३५ च्या कायद्यानं ती दारं थोडी जास्त उघडली, तरी शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशी काहीतरी अट राहिलीच. दुसऱ्याच्या जमिनीत राबणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या बाईला त्यातलं काय लागू पडणार?

मग देश स्वतंत्र झाला आणि घटनेनं एका झटक्यात सगळ्या अटी काढून टाकल्या. वय २१ पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. पुढे १९८९ पासून ही अट १८ वर्षांवर आली. बाई असो, बुवा असो, जमीन असो नसो, शाळेत गेलेली असो नसो, मत सारखंच. इतर काही देशांत बायांना यासाठी पिढ्यान् पिढ्या झगडावं लागलं. आपल्याला ते स्वराज्याबरोबरच मिळालं.

पण इथे एक गंमत झाली, खरं तर गंमत नव्हे. पहिल्या निवडणुकीसाठी, म्हणजे १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी, सरकारी माणसं घरोघर जाऊन यादी करत होती. अनेक घरांत बाईनं नाव सांगितलंच नाही. सांगितलं ते असं, की मी अमक्याची बायको, मी तमक्याची आई. परक्या माणसाला नाव सांगायची रीत नव्हती. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. त्यांनी ठरवलं, की स्वतःचं नाव नसेल तर नोंद धरायची नाही. त्यापायी देशभरात जवळजवळ २८ लाख बायांची नावं यादीतून गळाली. यातल्या बहुतेक जणी उत्तरेकडच्या आणि मध्य भारतातल्या होत्या. तेव्हा हे कठोर वाटलं असेल. पण पुढच्या निवडणुकीला बाया आपलं नाव सांगायला लागल्या. मला हा निर्णय आवडतो. कुणीतरी सरकारी पातळीवर ठरवलं होतं, की बाई म्हणजे कुणाची तरी बायको एवढीच नाही.

आता आपल्या पेणकडे येऊ. माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं आणि सासर रोहा तालुक्यातलं. खारेपाटातल्या माणसाला सार्वजनिक काम शिकवावं लागत नाही. उधाणाला बांध फुटून खांड गेली, की खारं पाणी एकाच्या शेतात थांबत नाही, सगळ्यांच्या शेतात शिरतं. म्हणून पूर्वी घरटी माणूस चिखलात उतरायचं आणि बांध घालायचं. १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला, सरकारी खातं आलं, तरी भरतीच्या रात्री आधी धावतो तो गावच. आपल्या बचतगटांच्याही आधीची ही आपली स्वयंसेवा आहे.

याच भागात २००८ साली एक वेगळं मतदान झालं. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतली हजारो हेक्टर जमीन महामुंबई सेझ या प्रकल्पासाठी घ्यायचं ठरलं होतं. १८९४ सालच्या इंग्रजांच्या भूसंपादन कायद्याखाली नोटिसा आल्या. लोकांनी विरोध केला. मोर्चे निघाले, ग्रामसभांनी ठराव केले. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन अशी अनेक मंडळी गावोगाव फिरली. नोटिशीत काय लिहिलंय, हरकत कशी घ्यायची, लाभक्षेत्र म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांनी देवळात, ओटीवर, खळ्यात बसून समजावलं. शेवटी विलासराव देशमुखांच्या सरकारनं ठरवलं, की हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांनाच विचारायचं, जमीन द्यायची की नाही.

तो दिवस होता रविवार, २१ सप्टेंबर २००८. साखरचौथीचे गणपती नुकतेच बोळवले होते. आपल्याकडे आमदार-खासदार निवडायला मत देतात. एखादा प्रकल्प हवा की नको यावर सरकारनं शेतकऱ्यांचं मत घेणं ही नवलाची गोष्ट होती. हे मत सरकारला कायद्यानं बांधून घालणारं नव्हतं. तरी माणसं आली आणि मत देणाऱ्यांतल्या बहुसंख्यांनी जमीन द्यायला नकार दिला. पुढे कायद्यानं घालून दिलेल्या मुदतीत संपादन पूर्ण झालं नाही आणि ते बारगळलं. कुणाला तो प्रकल्प हवा होता, कुणाला नको होता, त्या वादात मी आज शिरत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की ज्याला काय विचारलंय ते कळलं होतं, त्यानं विचार करून उत्तर दिलं.

पण मैत्रिणींनो, विचारलं होतं ते जमिनीच्या खातेदारांना. म्हणजे ज्यांचं नाव सातबाऱ्यावर त्यांना. मी तेव्हा कॉलेजात होते. वडील आणि काका सकाळीच मत द्यायला गेले. आई मोर्चाला सगळ्यांच्या पुढे असायची, भाकऱ्या बांधून घेऊन जायची, घोषणा द्यायची. त्या दिवशी ती घरी होती. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. चुलीपुढे बसून ती म्हणाली, "लावनी माजी, झोरनी माजी, अन् मत त्यांचा?" कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही.

हा झाला दुसरा कागद, सातबारा. तो बदलता येतो, हे काही लोकांनी आधीच दाखवून दिलं होतं. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती' नावाचं काम हाती घेतलं. शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करून द्यायची, असं ते काम होतं आणि अनेक गावांनी ते केलं. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात बदल झाला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला.

आणि आता माझी चूक सांगते. वडील गेल्यावर काही महिन्यांनी मला माहेरी बोलावलं. भावानं कागद पुढे केला, म्हणाला, "ताई, इथे सही कर, नुसती रीत आहे." मी केली. ते हक्कसोडपत्र होतं. भावानं साडी घेतली, वहिनीनं गोडाचं केलं. मी बी.ए. झालेली बाई, गटातल्या पंचवीस जणींना सांगत फिरते, की न वाचता सही करू नका. आणि मी स्वतः दोन पानांतली एक ओळही वाचली नाही. माझं भावाशी भांडण नाही. कदाचित वाचूनही मी सही केली असती. पण ते माझं ठरवणं झालं असतं. पणजीच्या अंगठ्यात आणि माझ्या सहीत मग फरक काय राहिला, हे मी स्वतःला अजून विचारते.

तिसरा कागद मला रोह्याकडे आल्यावर कळला. आमच्या भागात डोंगराच्या कडेला कातकरी वाड्या आहेत. त्यांच्या दळी जमिनींचा प्रश्न फार जुना. पिढ्यान् पिढ्या डोंगरउतारावर नाचणी-वरी करायची, पण कागद हातात नाही. सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी आपल्या जिल्ह्यात या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. २००६ चा वनहक्क कायदा आला, तेव्हा त्यात दोन गोष्टी चांगल्या होत्या. एक, दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून आणि वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया. दुसरी, लग्न झालेलं जोडपं असेल तर पट्टा दोघांच्या नावे. माझ्या आईला जे मिळालं नाही, ते या वाडीवरच्या बाईला कायद्यानं दिलं. अर्थात पट्टा हातात येईपर्यंत किती खेपा घालाव्या लागतात ते तिलाच विचारा.

या वाडीनं मला आणखी एक धडा दिला. २०२४ च्या पावसाळ्यात आम्ही तिथे खपून नावनोंदणी केली. फोटो काढले, नमुना ६ भरले, बीएलओंना भेटलो, नावं यादीत आली. आम्ही खूश. विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळीनंतर. सकाळी स्लिपा घेऊन वाडीवर गेलो, तर निम्म्या दारांना कड्या. माणसं वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर निघून गेली होती, दरवर्षी जातात तशी. एक म्हातारी दारात बसली होती, ती म्हणाली, "बाय, पॉट बी मतदान करतं ना." पोटही मतदान करतं. यादीत नाव आणलं, पण नावाचा माणूस कुठे असेल हे आम्ही विचारलंच नव्हतं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटीची तरतूद आहे आणि ती रोजंदारीवरच्या कामगारालाही लागू आहे, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मुकादमाशी बोलणं करून ठेवता आलं असतं. आता आमच्या वहीत प्रत्येक वाडीपुढे लिहिलेलं असतं, माणसं कधी जातात, कुठे जातात, मुकादम कोण.

चौथा कागद म्हणजे ग्रामसभेचं इतिवृत्त. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे तुम्हाला माहीत आहेच. १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. पण खुर्ची मिळाली म्हणजे मागणी लिहिली जाते असं नाही. खारेपाटातल्या एका गावात आमच्या गटानं पाण्याचा हिशोब मांडला होता. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर कधी येतो, विकतच्या पाण्याला घरटी किती पैसे जातात, दोन महिने लिहून ठेवलं. महिला सभेत वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचलं, तर त्यात आमची मागणीच नव्हती. सह्या मात्र आमच्या बावीसच्या बावीस होत्या. तेव्हापासून आम्ही एक नेम केलाय. मजकूर वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. पहिल्यांदा कुरकुर झाली. आता आम्हाला बघितलं की वही आधीच उघडलेली असते.

आता थोडं मताबद्दल. आमच्या गटात एक अट आहे. मत कुणाला द्यायचं हे कुणीही कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यानं सांगायचं नाही, सासूनं नाही, आणि मी ताई म्हणून तर अजिबात नाही. आपण फक्त माहिती समोर ठेवायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर विधानसभा-लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. त्यात त्याचं शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि त्याच्यावर काही गुन्हे दाखल असतील तर ते लिहिलेलं असतं. ते निवडणूक आयोग सगळ्यांना बघायला खुलं ठेवतो. आम्ही ते मोबाइलवर उघडतो आणि गटाच्या बैठकीत वाचतो, सगळ्या उमेदवारांचं, एकाचंही न वगळता. मग आपली यादी काढतो: पाणी, रस्ता, दवाखाना, बांध. कोण यातल्या कशाबद्दल काय बोलला, मागच्या खेपेला काय केलं. एवढं झालं की बैठक संपली. पुढचं काम पडद्याआड, जिचं तिनं. कुणीच पटला नाही तर २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटणही आहे.

कुणी म्हणेल, या बायांना हे उद्योग कुणी सांगितले? कुणीच नाही. चरीच्या लोकांना संप कर म्हणून कुणी पगार दिला नव्हता. बांधाची खांड बुजवायला जाणाऱ्याला कुणी मानधन देत नाही. घरात खारं पाणी शिरू नये म्हणून आपण बांधावर जातो, तसंच हे.

आत्यांचं सांगायचं राहिलं. त्यांचा नमुना ६ भरला, कागद दोनदा परत आला, तिसऱ्यांदा नाव लागलं. मतदानाच्या दिवशी त्या इरकली लुगडं नेसून, सुनांच्या पुढे चालत आल्या. मत देऊन बाहेर पडल्यावर शाईचं बोट मला दाखवलं आणि म्हणाल्या, "आता सातबाऱ्यान बग गो, माजा नाव हाय का."

आम्ही बघितलं. नाही. त्यांचं वारस नोंदीचं काम अजून चालू आहे.

तर या महिन्यात प्रत्येक गटानं एवढं करायचं. घरातली मतदार यादीतली नावं तपासायची. सातबारा आणि घरपट्टीचा उतारा काढून बघायचा, की आपलं नाव कुठे आहे. आणि पुढच्या महिला सभेत इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. नाव नसेल तर रडत बसायचं नाही, तलाठी कार्यालयात एकटीनं जायचं नाही, चौघींनी मिळून जायचं. जाताना वही आणि पेन घ्यायचं. काय झालं ते पुढच्या बैठकीत मला सांगा. मीही माझ्या हक्कसोडपत्राची नक्कल काढणार आहे, निदान त्यात काय लिहिलं होतं ते वाचायला.